मयूरासनाची साक्ष

मिरकरवाडा, रत्नागिरी
वैशाख वद्य ३, शके १८५५

प्रिय,

हा शब्द लिहिताना हात अडखळला. पण मुंबईच्या बायका नवऱ्याला असेच लिहितात, हे तुम्हीच सांगितलेत. तेव्हा लिहिते, आणि पुढचे कडू आहे तेही लिहिते. पत्र वेंगुर्ल्याला निघालेल्या केरूभावजींच्या हाती देते आहे. गलबतावर चार माणसांत फोडू नका.

गेल्या श्रावणात माझे पोट बिघडले होते, आठवते? पेजसुद्धा टिकत नव्हती. आईंचे अंगारे झाले, वैद्याचे काढे झाले. शेवटी माझगावच्या आखाड्यात शिकलेले मयूरासन तुम्ही मला शिकवलेत, गवताच्या मांगरात, दार लावून. तळहात जमिनीवर, बोटे पायांकडे, कोपरे बेंबीशी. पहिल्याच दिवशी मी तोंडावर आपटले आणि तुम्ही इतके हसलात की संध्याकाळपर्यंत मी तुमच्याशी अबोला धरला. बांगड्या मनगटात रुतायच्या. दोन वाढल्या, रक्त आले. मग तुम्हीच तेलाचा हात लावून एकेक उतरवलीत. मी म्हटले, सवाष्णीने मनगट रिकामे ठेवू नये, कासारापुढे बसलो तरी एक तरी बांगडी हातात राहू देतात. तुम्ही म्हणालात, मी समोर धडधाकट उभा आहे ना, मग कसली भीती? मी निर्धास्त झाले. महिन्याभरात दोन्ही पाय उचलले. फक्त दोन तळहात खाली आणि सगळी मी वर! भात पचू लागला. तुम्ही दर्यावर गेलात तरी मी रोज सकाळी चुडा उतरवून आसन करीत राहिले. आता तुम्ही समोर नाही, हे माझ्या डोक्यातच आले नाही. चूक झाली ती एवढीच.

मंगळुराहून कौले घेऊन निघालेले तुमचे गलबत चैत्र संपला तरी आले नाही. मागून निघालेली दोन बंदराला लागली. घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हते. त्यातच एका सकाळी आई शेणी न्यायला मांगरात आल्या आणि मला तसे पाहिले. हात उघडे, चुडा गवतावर. "तो दर्यात हाय, नि तू हात बोडके करून बसलीस? माज्या लवूला खाल्लंस गो तू!" असे ओरडत त्यांनी चुडा उचलला आणि माझ्या हातांत कोंबू लागल्या. त्या दिवसापासून माझ्या हातचे पाणी त्यांनी बंद केले. विहिरीवर बायका मला पाहून कुजबुजू लागल्या. बारा दिवस असे काढले. खरे सांगते, सहाव्या दिवसापासून मलाही वाटू लागले की मीच तुम्हाला बुडवले.

मग तुमची तार आली. डोलकाठी मोडली, वेंगुर्ल्याला थांबलो, सगळे सुखरूप. आई माझ्या गळ्यात पडून रडल्या आणि डोळे पुसून पुन्हा लांब झाल्या. हे थेर कोणी शिकवले, म्हणून विचारले. मी तुमचे नाव सांगितले. त्यांचा विश्वास बसेना. "माजा लवू बायकोला असलं शिकवील?" म्हणाल्या, आणि शाळेतल्या गुरुजींकडून तुम्हाला पत्र लिहून घेतले. शेजारच्या गोदूबाईंसमोर बजावलेही, लवू नाही म्हणाला तर महिपतला बोलावून हिला खेडला पाठवायची, ती कायमची. माझा भाऊ बिचारा मान खाली घालून मला घेऊन गेला असता. पण मी निवांत होते. उत्तर तुमच्याकडून यायचे होते ना!

ते काल आले. गुरुजी लग्नासाठी गावी गेलेले, आणि घरात वाचता येते ते मला एकटीला. आईंनी मला ओटीवर बसवले, साक्षीला गोदूबाई. तुम्ही लिहिलेत, "मी तिला असले काही शिकवले नाही. तुला योग्य वाटेल ते कर." ओळ तोंडात येण्याआधी डोळ्यांना दिसली. डोलकाठी मोडली तेव्हा घाबरला नाहीत, आणि आईला घाबरलात? मला रडू आले नाही, राग आला. मी मोठ्याने वाचले, "मयूरासन मीच शिकवले. चुडाही मीच उतरवला. तिला बोल लावू नकोस." आईंनी माझ्याकडे तांब्याभर पाणी मागितले. पण पत्र मात्र त्यांनी पेटीत ठेवले आहे, आणि मुलाचे पत्र दोनदा ऐकल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही. गुरुजी शनिवारी परततात. म्हणून हे लिहिते आहे. मी वाचलेली तीन वाक्ये शब्दशः तुमच्या हाताने, तीच तारीख घालून लिहून केरूभावजींकडे द्या. ते शुक्रवारी परत येतील. पेटीतले पत्र मी बदलीन. मी खोटे वाचले असे मनात आणू नका. खोटे तुम्ही लिहिलेत, मी ते खरे करून वाचले. शुक्रवारी केरूभावजी रिकाम्या हाताने आले, तर महिपतला बोलवायची गरज पडणार नाही. शनिवारी गुरुजी येण्याआधी मीच आईंना सगळे सांगेन आणि खेडची वाट धरीन.

अजून तरी तुमचीच,
कमळा