डावीकडची सीट दोन इंच वर

बाबा,

अलॉय व्हील घ्यायलाच हवी होती. हे मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही माझं म्हणणं तेच आहे. लाल गाडी, दोनच सीट, छप्पर काढून ठेवता येतं, आपल्या वटार गावात अशी गाडी कुणी स्वप्नात बघितली नव्हती, आणि चाकं मात्र तुमच्या टेम्पोसारखी काळी लोखंडी. नवरदेवाने सूट घालावा आणि पायात रबरी चपला, तसं. तुम्ही म्हणालात, "चाकाचं काम फिरायचं. ती काय आरशात बघणारेत?" आणि विषय संपला. तुमच्याशी बोलताना विषय असेच संपायचे. तुम्हाला जाऊन आता सात वर्षं झाली, मध्ये तोडायला कुणी नाही, म्हणून एकदा सगळं सलग बोलून घेतो. अक्षराला हसू नका. दहावी नापास माणूस इथे दोहामध्ये गाड्या धुतो, पत्रं लिहीत नाही.

वाडीच्या कडेची पट्टी रस्त्यात गेली आणि तिचे पैसे आले, ते दिवस आठवतात ना? घरात प्रत्येकाने ते पैसे आपापल्या मनात खर्च करून टाकले होते. आईला घरावर स्लॅब हवा होता. काका म्हणत होते, नवा टेम्पो घे. मला कुठेतरी जायचं होतं, कुठे ते ठरलं नव्हतं. तुम्ही काहीच बोलत नव्हतात. रोज पहाटे टेम्पो काढायचा, गावातल्या बायका आणि त्यांच्या पाट्या भरायच्या, केळीची पानं, भाजी, फुलं, आणि दादरचा बाजार गाठायचा. पुढे तुमच्या शेजारी दोन म्हाताऱ्या बसायच्या, कारण त्या भाडं द्यायच्या. आई मागे, पाट्यांमध्ये, तुमच्याकडे पाठ करून, मागच्या फळीकडे तोंड करून. पाट्या घसरू नयेत म्हणून कुणीतरी तसं बसायला लागायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे आई. लग्न झाल्यापासून.

त्याच सुमाराला पेपरात त्या गाडीचा फोटो आला. गाडी बाजारात यायची होती, आधी बुकिंग करायचं होतं. मी फोटो कापून भिंतीला चिकटवला. एक दिवस जेवून हात धुता धुता तुम्ही त्याच्यासमोर थांबलात.

"ही दोनच माणसांची काय?"

"हो."

"तिसरा बसूच शकत नाही?"

"मागे डिकी आहे, तीपण एवढीशी."

"कुणाच्या मांडीवर?"

"बाबा, स्पोर्ट्स कार आहे ती."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि टॉवेलला हात पुसले. मला वाटलं गाडी तुमच्या मनातून उतरली. पुढच्या आठवड्यात तुम्ही मला म्हणालात, चल, मुंबईला जाऊन तिचा सौदा करू.

शोरूमच्या काचेला नाक लागेल असा तुम्ही टेम्पो उभा केलात. वॉचमन धावत आला, "ओ, डिलिव्हरी मागच्या गेटने." "डिलिव्हरी नाय, खरेदी," तुम्ही म्हणालात आणि मागून केळ्यांची एक फणी काढून पिशवीत टाकलीत. मला तेव्हा जमिनीत जावंसं वाटत होतं. आत टाय लावलेला पोरगा, आपल्यातलाच वाटला, मराठी बोलणारा. तो गाडीचं वर्णन करायला लागला, एवढ्या सेकंदात एवढा वेग. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि विचारलंत, "विसार किती?"

"बुकिंगचे पन्नास हजार, काका."

"गाडी कधी?"

"चार महिन्यांत. फार तर पाच."

"आणि भाव आजचा ना?"

"नाही काका. डिलिव्हरीच्या दिवशी जी किंमत असेल ती."

"मग तू विसार कशाचा घेतोस?"

त्या पोराला कळेना. मला कळलं. आपल्याकडे व्यापारी केळीचा घड झाडावर असतानाच सौदा करतो. विसार दिला की त्या दिवशीचा भाव पक्का, मग बाजार चढो नाहीतर पडो. वाऱ्याने घड पडला तर तो कुणाचा, माल द्यायला उशीर झाला तर किमतीतून किती तोडायचे, सगळं त्याच दिवशी वाडीत उभ्या उभ्या ठरतं. जन्मभर तुम्ही त्या सौद्यात विकणारे होतात. त्या दिवशी पहिल्यांदा व्यापारी झालात. आणि व्यापारी तुमच्याशी जसं बोलायचे अगदी तसंच बोललात, फक्त जास्त गोडीने. भाव आजचा ठरला. उशीर झाला तर दर महिन्याला पाच हजार तुटणार, हे ठरलं. मग तुम्ही विचारलंत, "वरचं काय देतोस? आम्ही शंभर नारळांवर पाच वरचे देतो." तो हसला. पायपुसणी निघाली, गाडीचं कव्हर निघालं. तुम्ही आणखी एक जादा चाक मागितलंत, तेव्हा तो म्हणाला, "काका, आता मलाच गाडीत घालून घेऊन जा."

"तू बसलास तर ती कुठे बसणार?"

'ती' म्हणजे कोण, हे मी तेव्हा विचारलंही नाही. मी अलॉय व्हीलच्या पानाकडे बघत होतो. पोरगा एकेक वाचत होता आणि तुम्ही एकेक उडवत होतात. स्टिरिओ? "नको, शेजारी माणूस असणार आहे." एसी? "छप्पर काढायचं आणि एसी लावायचा?" चकाकणारा रंग? "साधा लाल." अलॉय व्हील, बारा हजार? त्याचं तुम्ही काय केलंत ते वर लिहिलंय.

आणि मग तुम्ही खिशातून ती दोरी काढलीत. केळीच्या खोडाच्या सालीची, दोन गाठी मारलेली. आदल्या संध्याकाळी आई पडवीत बाकावर माठाच्या जुड्या बांधत बसली होती, तेव्हा तुम्ही मागून हीच दोरी तिला लावत होतात आणि ती म्हणाली होती, "माझ्या मरणाच्या पेटीचं माप घेता काय?" तुम्ही शोरूममधल्या गाडीपाशी गेलात, डाव्या सीटवर एक गाठ ठेवलीत आणि दोरी सरळ वर ताणलीत. दुसरी गाठ, म्हणजे आईचे डोळे, डॅशबोर्डच्या खाली राहिली.

"हे बघ. तिला हा काळा डबाच दिसणार. सीट वर पाहिजे. दोन इंच."

"उशी ठेवा ना, काका."

"उशी बाजारात बसायला असते."

"कंपनी असं करून देत नाही."

तुम्ही दोरी गुंडाळून खिशात टाकलीत. "मग राहू दे," म्हणालात आणि पिशवी उचललीत. भाव, तूट, कव्हर, सकाळपासून जिंकलेलं सगळं त्या टेबलावर तसंच ठेवून तुम्ही दाराकडे निघालात. मी म्हणालो, "बाबा, उशी चालेल की." तुम्ही वळून विचारलंत, "तू बसणारेस उशीवर?"

काचेच्या केबिनमधून मॅनेजर बाहेर आला म्हणून बरं. त्याने ऐकून घेतलं, वाकून सीटखाली बघितलं, कुणाला तरी फोन केला. म्हणाला, आमच्या वर्कशॉपमध्ये खाली ठोकळे घालून, लांब बोल्ट लावून देऊ, पण त्याचे वेगळे बारा हजार. मी वाट बघत होतो. आता तुम्ही हसणार, आठावर आणणार, दहावर सोडणार. तुम्ही म्हणालात, "लाव." एवढंच. पायपुसण्यांसाठी अर्धा तास घासाघीस करणारा माणूस ठोकळ्यांना बारा हजार देतो आणि एक रुपया कमी कर म्हणत नाही. बरोबर अलॉय व्हीलचे बारा हजार. आपलं भांडण आहे ते इथे आहे, बाबा. दादर येईपर्यंत मी बोललो नाही, आणि तुमच्या ते ध्यानातही आलं नाही.

निघताना तुम्ही विचारलंत, "साक्षीदार कोण?" पोरगा म्हणाला, पावती आहे ना काका. "पावती बोलत नाही," तुम्ही म्हणालात आणि वॉचमनला आत बोलावलंत. त्याच्यासमोर मॅनेजरला सगळं पुन्हा बोलायला लावलंत, आजचा भाव, उशिराचे पाच हजार, डावीकडची सीट दोन इंच वर, आणि मग ती फणी वॉचमनच्या हातात दिलीत. मॅनेजर हसत होता, पण बोलला. गाडी दोन महिने उशिरा आली. तोवर तो टायवाला पोरगा नोकरी सोडून गेला होता, आणि हिशेबाचा माणूस म्हणाला, असली तूट आम्ही देत नाही. तेव्हा दारातून वॉचमन म्हणाला, "देतो म्हणाले होते साहेब. केळी मी खाल्लीत." दहा हजार तुटले. मी तिथेच उभा होतो, आणि खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला माझा बाप फार भारी माणूस वाटला. चाकांकडे बघितलं आणि पुन्हा राग आला, ते वेगळं.

गाडी अंगणात आली तेव्हा आई हात पुसत बाहेर आली. तिने गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "मी मागे कुठे बसू?"

"मागे नाहीच," तुम्ही म्हणालात.

ती बसली. डोक्याला पदर घट्ट बांधून, देवळात मिस्साच्या प्रार्थनेला बसते तशी हात मांडीवर ठेवून. तुम्ही तिला देवळापर्यंत नेलंत आणि तिथून समुद्राच्या रस्त्याने फिरवून आणलंत. सगळं गाव कुंपणाला लागलं होतं. आई उतरली आणि तिने डोक्याचा पदर सोडला. मग म्हणाली, "रस्ता असा अंगावर येतो होय."

"मग? मी काय एवढी वर्षं डोळे मिटून चालवत होतो?" तुम्ही म्हणालात.

त्यानंतर दर रविवारी तुम्ही दोघं. मला गाडी धुवायला मिळायची. मी गोखिवऱ्याला गॅरेजमध्ये लागलो, मग गोव्याला गेलो, मग बोटीवर भांडी घासली, मग इथे. मला एका जागी बसवत नाही हे तुम्हाला माहीतच आहे, आणि तुमच्या गाडीत तर बसायला जागाच नव्हती. इथे माझं काम म्हणजे नव्या गाड्यांचं प्लास्टिक काढायचं, धुवायच्या, काचेत उभ्या करायच्या. परवा माझ्याच वयाचा एकजण अजून न आलेली गाडी बुक करायला आला. यादीतल्या सगळ्यावर खुणा करत गेला, सीटचं चामडं, शिलाईचा रंग, सगळं. किंमत विचारली नाही. चहा निवायच्या आत सही करून गेला. गाडी छानच येईल त्याची. पण मी पोछा हातात धरून बघत राहिलो, की हा खिशातून काही काढतोय का. त्याच्याकडे दोरी नव्हती.

आता मुद्द्याचं. येत्या मे महिन्यात आपल्या धाकटीचं लग्न आहे. नवरीची गाडी भाड्याने ठरली. आईचे गुडघे गेलेत, रिक्षात चढतानासुद्धा दोघांनी धरायला लागतं. ती देवळात कशी जाणार म्हणून विचारलं तर म्हणाली, "माझी गाडी आहे ना." तुम्ही गेल्यापासून गाडी कव्हरखाली आहे, त्या फुकट मिळवलेल्या. तसली गाडी काढणं कंपनीने कधीच बंद केलं. बोळिंजचा एक हौशी माणूस दरवर्षी विकत मागायला येतो, आई त्याला चहा पाजते आणि परत पाठवते. तर मी गाडी गोखिवऱ्याच्या माझ्या जुन्या मेस्त्रीकडे पाठवायला लावली आणि फोनवर सौदा केला. इंजिनाचं काम, ब्रेक, नवं छप्पर. उशीर झाला तर किती तोडणार, तेही विचारलं. वरचं काय देतोस विचारलं, तेव्हा मेस्त्री म्हणाला, "तू पण म्हाताऱ्यावरच गेलास रे." आणि पॉलिश फुकट कबूल केलं.

मग तो म्हणाला, सीटखालचे ठोकळे सडलेत. आणि काकींना बसवून बघितलं, तर गाडी एवढी खाली असून त्या बसल्या, उठल्या, तुझ्या बापाने सीट वर घेतली नसती तर गुडघ्यांनी ऐकलंच नसतं. पण त्यांचे डोळे पुन्हा डॅशबोर्डच्या खाली जातात. म्हणजे आई थोडी बुटकी झालीय, बाबा. मी धाकटीला दोरी लावून मोजायला सांगितलं. "पेटीचं माप घेतेस काय?" असं आईने तिलाही विचारलं म्हणे. तीन इंच लागणार. मेस्त्रीने त्याचा भाव सांगितला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "लाव."

मी वीस दिवसांची सुट्टी मागितलीय, मिळालीय. चालवणार मी. आईला सांगितलं तर म्हणाली, "त्यात तिसरा चालत नाही, ठाऊक आहे ना तुला?" म्हटलं, आई, दोघंच तर आहोत.

हे पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्नच आहे. पण पत्ता असता तरी मी ते टाकलं नसतं, कारण पुढचं वाचून तुम्ही मेस्त्रीला फोन करून सौदा मोडला असता. उद्या पैसे पाठवतोय. इंजिन, ब्रेक, छप्पर, तीन इंच ठोकळे, आणि चार अलॉय व्हील. चाकांचा भाव मी चांगला पाडून घेतलाय, तुम्हीसुद्धा एवढा पाडला नसता. सगळे मिळून एकसष्ट हजार रुपये.