बाबांसाठी बारा स्पीकर

६ जानेवारी, सोमवार
आजपासून बाबांना फिजिओथेरपीला न्यायची जबाबदारी माझी. खुब्याचं ऑपरेशन झालंय. सोम-बुध-शुक्र. जायला पंचवीस मिनिटं, यायला पंचवीस. धाकट्या बहिणीने फोनवर बजावलं की आई गेल्यापासून बाबा गप्प असतात, गाडीत त्यांच्याशी बोलत जा. मी म्हटलं, निश्चिंत राहा, माझ्याकडे प्लॅन आहे.
प्लॅन: संगीत. गाडी सेकंडहँड असली तरी बारा स्पीकर आहेत. माणसाला जुनी गाणी ऐकवली की तो आपोआप मोकळा होतो. हे मी कुठेतरी वाचलंय. किंवा मलाच सुचलं असेल.

८ जानेवारी, बुधवार
फोन गाडीला जोडण्यात अकरा मिनिटं गेली. बाबा सीटबेल्ट लावून समोर बघत बसले होते. शेवटी कन्येला खाली बोलावलं. वय वर्षं चौदा. तिने दोन सेकंदांत जोडलं आणि वर गेली.
जाताना सहा गाणी, येताना सात. बाबा तल्लीन. उतरताना फक्त विचारलं, हे दार उघडतं कुठून. सुरुवात चांगली आहे.

१० जानेवारी, शुक्रवार
बाबांनी एकतीस वर्षं ट्रक चालवला. ट्रकवाले म्हणजे गाण्यांचे शौकीन, हे जगजाहीर आहे. म्हणून आज त्यांच्या तरुणपणातली ठेक्याची गाणी. आवाज वीसवर. बाबा मध्येच दोनदा काहीतरी म्हणाले. ऐकू आलं नाही. मी मान डोलावून दाद दिली.
बहिणीला मेसेज केला: बाबा बोलायला लागलेत.

१३ जानेवारी, सोमवार, सकाळी ७.४०
आज बाबांशी आईबद्दल बोलायचंच. अवघड मीटिंगला जाण्याआधी मी मुद्दे लिहून काढतो, तसे काढले. १. झोप. २. जेवण. ३. आई.

संध्याकाळी
झोप झाली. जेवण झालं. तिसऱ्या मुद्द्याला सिग्नल सुटला. पुढे बाबांनीच विचारलं, तुझं बरं चाललंय ना? मी म्हटलं, एकदम. आणि आवाज वाढवला, कारण गाणं फारच सुंदर होतं. कोणतं होतं ते आता आठवत नाही.

१५ जानेवारी, बुधवार
बायको म्हणते, बाबांना बोलायचं नाही असं नाहीये, मलाच ऐकायचं नाहीये, म्हणून गाणी. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आई गेली तेव्हा सगळ्यांना सावरलं कुणी? डोळ्यांतून टिपूस काढलं नाही मी. चौथ्या दिवशी ऑफिसात प्रेझेंटेशन दिलं. साहेब म्हणाले, धीराचा गडी आहे. त्याला सात महिने झाले. मला काही म्हणजे काहीच होत नाही. आनंदही होत नाही, पण ते वयामुळे असणार.

१७ जानेवारी, शुक्रवार
डिकीत सबवूफर बसवून घेतला. दुकानदार म्हणाला, छातीत वाजलं पाहिजे साहेब. वाजतं. छातीत काहीतरी होतंय, हे बरं वाटलं.
बाबांची काठी आता डिकीत मावत नाही. त्यांच्या मांडीवर आडवी ठेवली. ती बासबरोबर थरथरत होती, अगदी लयीत. बाबांनी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. त्यांचा सहभाग पहिल्यांदाच दिसला.

२० जानेवारी, सोमवार
आज काहीच वाजलं नाही. सिस्टिमला अपडेट पाहिजे म्हणे. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. मी म्हटलं, ट्रॅफिक आहे आज. बाबा म्हणाले, हो. रस्ता मोकळा होता.
दहा मिनिटांनी ते म्हणाले, मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. मी म्हटलं, टायरचा आवाज असेल. ते म्हणाले, बेअरिंगच. दहा दिवस सांगतोय, गाण्यात तुला ऐकू जात नाही.
फिजिओचं दार येईपर्यंत मीही ऐकायचा प्रयत्न केला. मला काही ऐकू आलं नाही.

२२ जानेवारी, बुधवार
फिजिओनंतर गॅरेज. मेकॅनिकने चाक उचलून हाताने फिरवलं. घरघर. बाबांचंच खरं.
मला ऑफिसचा कॉल आला. चाळीस मिनिटं फुटपाथवर होतो. आत बाबा उलट्या क्रेटवर बसून मेकॅनिकशी बोलत होते. हातवारे करत. एकदा तर चक्क हसले. काचेतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.
बाबा गाडीत जाऊन बसल्यावर मेकॅनिक मला म्हणाला, काका म्हणजे भारी माणूस. तुमच्या आई ट्रकमध्ये गायच्या ना? मी म्हटलं, हो ना.
मला माहीत नव्हतं.
तो हात पुसत सांगत होता. लग्न झाल्यावर दोन वर्षं, माझा जन्म होईपर्यंत, आई लांबच्या खेपांना बरोबर जायची. ट्रकमधला टेप चोरीला गेला होता. काकांनी दुसरा बसवलाच नाही, कारण ती गायची. सुराच्या नावाने बोंब, पण शब्द सगळे पाठ. काकांची पापणी जड झालेली दिसली की मुद्दाम वरच्या पट्टीत. चढावर काका दोनच आवाज ऐकायचे म्हणे, एक इंजिनाचा आणि एक बाईंचा.
मेकॅनिकला हे चाळीस मिनिटांत कळलं. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार
फिजिओ रजेवर. खेप नाही. बरंच झालं, तयारीला वेळ मिळाला. सबवूफर काढून टाकला. कन्येने अपडेट करून दिलं, पण सोमवारी सिस्टिम बंद म्हणजे बंद. येताना लांबचा रस्ता घ्यायचा, पाऊण तास मिळेल. मुद्दे: आई कोणती गाणी म्हणायची. तुम्हीही म्हणायचात का. माझ्या जन्मानंतर का बंद झालं.
शेवटचा मुद्दा खोडला. मग परत लिहिला.

२७ जानेवारी, सोमवार
जाताना विचारलं नाही. व्यायामाआधी त्यांचं मन हलवणं बरोबर नाही. येताना विचारू म्हटलं.
फिजिओने बाबांना काठीशिवाय वीस पावलं चालवलं. मग म्हणाला, शाब्बास आजोबा, कोर्स संपला, आता घरीच व्यायाम करा. यायची गरज नाही.
ठरल्याप्रमाणे लांबचा रस्ता घेतला. गाडी इतकी शांत चालत होती की बाबांचा श्वास ऐकू येत होता. दोनदा तोंड उघडलं. एकदा खोकलो. दुसऱ्यांदा म्हटलं, एसी कमी करू का. ते म्हणाले, असू दे.
पुलापाशी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "गाणी नाही लावलीस आज? लाव की. तुला बरं वाटतं त्याने."
लावली.
लांबच्या रस्त्यामुळे नऊ गाणी झाली.