सासू मेली तर आमचं काय

बा,

त्या संध्याकाळी तू मिठागरावरून आलास तर चूल थंड. मी शेजारच्या पाड्यावर तंबूत सिनेमा बघत बसलेली. कान धरून घरी आणलंस नि विचारलंस, "पडद्यावरची बाय तुला जेवायला घालनार हाय काय?" तेव्हा मार खाल्ला, उत्तर दिलं नाही. आता देते.

घालते रे बा. तुझ्या मिठागरावर बिल्डिंगी झाल्या. मी मीरा रोडला तिसऱ्या माळ्यावर राहते. लेकाची कंपनी बंद पडली, घर सुनेच्या शिलाई मशीनवर चाललंय. एका हिंदी मालिकेतल्या बायकांचे ब्लाउज ती शिवते, हुक मी लावते. खालचा रिक्षावाला गठ्ठे पोचवतो, समोरची बाई शूटिंगवाल्यांना डबे देते. रडतात त्या तिकडे, चुली पेटतात इकडे.

मागच्या दिवाळीनंतर कापडाचा गठ्ठा आला तो सगळा पांढरा. कोण मरणार ते आमच्याकडे टीव्हीच्या आधी गठ्ठ्यातून कळतं. मालिकेतली सासू कोमात होतीच. सून मशीन सोडून खाली बसली. "आई, ती गेली तर मालिका बंद. मग खायचं काय?"

"सासू जगावी म्हणून रडणारी सून पहिल्यांदाच बघतेय," मी म्हटलं. ती हसली नाही. मग मीही गपचूप देवीला नारळ बोलले. जी जिवंतच नाही तिच्या आयुष्यासाठी! तरी चैन पडेना. कापड आणून देणाऱ्या मास्टरजीला जिन्यातच अडवलं. "मास्टरजी, सच बोलो, बंद होनेवाला है क्या?"

"अरे दादी, बुढिया मरी है, घर तो बाकी है! तेरहवीं के बाद छोटी बहू की शादी. लाल कपडा परसों भेजता हूँ."

आला लाल गठ्ठा. आता घरात पाय ठेवायला जागा नाही. लेकसुद्धा काज करायला शिकलाय, वाकडी करतो, पण करतो. तुझ्या मिठावर आम्ही वाढलो, ते विसरले नाही. पण तुझ्या पणतवंडांच्या ताटातलं त्या पडद्यावरच्या बाईचं आहे.

हा कागद पाठवणार कुठे? सून याच्यावरच गळ्याचं कटिंग काढेल. त्याआधी एक सांगते. लाल गठ्ठा दारात आलेला, पोटाची काळजी मिटलेली, तरी टीव्हीवर सासू मेली तेव्हा मी पदर तोंडात कोंबून रडले. सुनेला म्हटलं, कांदा चिरत होते.

कांदा कसला, बा. त्याही संध्याकाळी भातच टाकायचा राहिला होता.