शंभर टक्के निकालाचं बारावं वर्ष

१२ ऑगस्ट

वीसपैकी तीन! ज्योत्स्नाला बीजगणितात वीसपैकी तीन, आणि पेपर हातात घेऊन हसते! विचारलं, हसायला काय झालं? तर म्हणे, "गेल्या टायमाला दोन होते टीचर, आता तीन हायेत." अख्खा दहावी ब खिदळला. तिला नाही – मला.

सत्तावीस वर्षं या शाळेत शिकवते. गेली अकरा वर्षं दहावीचा निकाल शंभर टक्के, आणि अकराही वर्षं गणित माझ्याकडे. गेटवर तसा बोर्ड आहे. होस्टेलमधल्या या सुरगाण्याच्या पोरीपायी तो बोर्ड उतरवू?

१४ ऑगस्ट

सिस्टरशी बोलले. जूनमध्ये मंगळूरहून आली, अजून चाळिशीसुद्धा नाही – आणि माझी हेडमिस्ट्रेस! मला मॅनेजमेंटने विचारलंदेखील नाही. दर रविवारी चर्चमध्ये मिस्सेला पहिल्या बाकावर असते मी. पण अंगावर ननचा झगा नाही ना माझ्या!

सरळ म्हटलं, ज्योत्स्नाला शाळा सोडल्याचा दाखला देऊन टाकू. सतरा नंबरचा फॉर्म भरेल, बाहेरून बसेल परीक्षेला. आपल्या निकालात धरत नाहीत. मागच्या सिस्टरने कधी हरकत घेतली नव्हती.

"नाही टीचर. ती आमची मुलगी आहे. ती नापास झाला तर आम्ही पण नापास."

मराठी तरी धड बोल बाई.

२३ ऑगस्ट

नवीन तमाशा. मधल्या सुट्टीत सिस्टर व्हरांड्यातल्या बाकावर बसते आणि ज्योत्स्नाकडून मराठी वाचायला शिकते! बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखं. मी जाताना ज्योत्स्ना तिला सांगत होती, "सिस्टर, 'ळ' हाय तो, 'ल' नाय." आणि दोघी हसल्या. मला बघून हसू थांबलं.

शाळेत मराठी शिकवायला दोन शिक्षिका आहेत. बीएड झालेल्या.

६ सप्टेंबर

महिन्याचा पहिला शुक्रवार. मिस्सा झाली. प्रवचन क्षमेवर. दहावी ब च्या मुली चुळबुळत होत्या, त्यांच्याकडे लक्ष ठेवण्यातच वेळ गेला.

९ सप्टेंबर

आज केलं.

सिस्टर आज संध्याकाळच्या गाडीने पुण्याला जाते, उद्यापासून दहा दिवस प्रार्थनेच्या रिट्रीटला. दुपारी सह्यांचा गठ्ठा घेऊन गेले – बोनाफाईड, बस पासचे फॉर्म, स्कॉलरशिपचे अर्ज. मधेच ज्योत्स्नाचा दाखला. माझ्याच अक्षरात भरलेला, 'पालकांच्या विनंतीवरून' असं कारण लिहून. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, आणि गाडी पकडायची होती. "सगळं बघितलं ना टीचर?" विचारलं. म्हटलं, हो सिस्टर.

सही करत गेली. दाखल्यावर एक क्षण थांबली असं वाटलं. पण पेनातली शाई अडकली होती. झटकलं, आणि केली सही.

घरी येऊन नीट जेवले. मुद्दाम लिहून ठेवते.

१२ सप्टेंबर

ज्योत्स्नाच्या वडिलांना फोन करून बोलावलं होतं. रावजी नाव. सकाळच्या एसटीने निघाला, दुपारी पोचला. स्टाफरूमच्या दाराबाहेरच चपला काढल्या. पिशवीत माझ्यासाठी नागलीचं पीठ.

समजावून सांगितलं – घरी अभ्यास होईल, वेळ मिळेल, परीक्षा तीच, सर्टिफिकेट तेच. त्याने एकच विचारलं.

"तिनं काय चुकी केली का?"

"नाही हो, चुकी कसली! तिच्या भल्यासाठीच."

"मग तुमी सांगाल तसा करू."

सतरा नंबरच्या फॉर्मवर मी दाखवलं तिथे त्याने सही केली. सावकाश, एकेक अक्षर. ज्योत्स्ना ट्रंक घेऊन होस्टेलच्या पायऱ्यांवर उभी होती. आज हसत नव्हती. "सिस्टरला सांगून जाऊ द्या ना टीचर." म्हटलं, सिस्टरचीच सही आहे बघ. तिने दाखला हातात घेऊन सही पाहिली. मग ट्रंक उचलली.

पीठ शिपाईबाईला देऊन टाकलं.

२१ सप्टेंबर

सिस्टर परत आली. पहिला प्रश्न – ज्योत्स्ना कुठे? "वडील घेऊन गेले. घरची अडचण असेल." इतकंच सांगितलं. मी हजेरी घ्यायला गेले. पटावर आता एकोणचाळीस. एकोणचाळीसही पास होतील.

२४ सप्टेंबर

सिस्टर एकटीच एसटीने सुरगाण्याकडे गेली. कोणाला काही न सांगता. स्टाफरूममध्ये वत्सलाबाई – आमच्या इतिहासाच्या – म्हणाल्या, "एका मुलीसाठी?" मी वह्या तपासत होते.

२५ सप्टेंबर

घेऊन आली! रात्र त्यांच्याच घरी काढली म्हणे. ज्योत्स्ना वर्गात, त्याच बाकावर. दाखला रद्द, फॉर्म रद्द, पट पुन्हा चाळीस.

रावजीने सगळं सांगितलं असणार. कोणी फोन केला, कोणी सही घेतली. मी दिवसभर वाट पाहिली, आता बोलावेल, मग बोलावेल. उत्तर तयार होतं माझं. बोलावलंच नाही! संध्याकाळी व्हरांड्यात समोर आली, तर म्हणाली, "गुड इव्हनिंग टीचर." असला माज सहन होत नाही मला.

४ ऑक्टोबर

कन्फेशनला गेले. राग, निंदा, दोनदा सकाळची प्रार्थना चुकली – हे सांगितलं. बाकीचं मी पाप समजत नाही. अकरा वर्षांच्या मेहनतीची राखण म्हणजे पाप?

झोप मात्र येत नाही हल्ली.

१७ ऑक्टोबर

दाखल्याचं प्रकरण पेटलं. रावजीच्या गावातल्या गुरुजींनी तेव्हाच तक्रार केली होती – आदिवासी मुलीला निकालासाठी शाळेबाहेर काढलं. आज मॅनेजमेंटचे फादर आले. सिस्टरला आणि मला एकत्र बोलावलं. टेबलावर तोच दाखला.

"हे कोणी केलं?"

अक्षर माझं. कोणीही ओळखलं असतं.

सिस्टर म्हणाली, "सही माझी आहे, फादर."

"ते दिसतंय. पण सांगितलं कोणी करायला?"

"सही माझी आहे."

फादरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

बाहेर आल्यावर तिला गाठलं. का? मला उपकार नकोत तुमचे! तर म्हणाली, "उपकार नाही, टीचर. मी न वाचता सही केला. ते माझं पाप. तुमचं तुम्ही बघा." आणि घंटा झाली म्हणून प्रार्थनेला गेली. ऑक्टोबर, जपमाळेचा महिना. मुलींच्या पुढे उभी राहून ती म्हणत होती, मी मागे ओठ हलवत होते.

८ नोव्हेंबर

सिस्टरची बदली झाली. कुठल्याशा खेड्यातल्या दवाखान्यात. शाळेत पुन्हा नेमायचं नाही, असा शेरा म्हणे पत्रात. शिकवायचंच नाही कधी!

आणि सोमवारपासून इन्चार्ज हेडमिस्ट्रेस – मी.

आमचे हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली ड्युटी संपवून पेढे घेऊन आले. "सत्तावीस वर्षांनी का होईना!" मी एक तोंडात घातला. बाकीचे शिपाईबाईसाठी बांधून ठेवले.

९ नोव्हेंबर

सिस्टर सकाळी गेली. एक बॅग. ज्योत्स्ना गेटवर रडत होती. मला पाहून डोळे पुसले, आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग टीचर." तशीच, सिस्टरसारखी.

११ नोव्हेंबर

नेमणुकीचं पत्र परत दिलं फादरांना. सोबत दोन पानं – गठ्ठा, फोन, रावजी, सगळं. सही केली. सिस्टरसाठी नाही. ती मला अजूनही आवडत नाही.

फादरांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "उद्यापासून शाळेत येऊ नका."