उघडी नळी

घोडेगाव, ७ ऑक्टोबर २०२४

चि. उज्ज्वला हिस,
अ. उ. आ.

फोनवर तू ‘जेवलात का?’ विचारतेस, मी हो म्हणतो, आणि बोलणं संपतं. म्हणून पत्र. तू पाठवलेली माशांची काचेची टाकी पोचली. वरचं जास्तीचं पाणी नळीनं खालच्या टाकीत उतरणार, तिथं गाळून पंपानं परत वर चढणार. नळी कोणती, यावर दुकानदार सुनील अडून बसलाय. साध्या उघड्या नळीतून पाणी खळखळत पडतं. दुसरीला पाणी कमीजास्त करायचा कॉक असतो. तो बेतानं आवळला की नळी भरून वाहते आणि आवाज येत नाही. तू इंजिनियर, तूच सांग.

दिवाळीनंतर घराला कुलूप लावून नाशिकला यायचं अजून ठरत नाही. शेजारच्या साळुबाई विचारतात, मासे काय टेम्पोत घालून नेणार?

आशीर्वाद आहेतच, पत्रही येऊ दे.
सावळेराम

नाशिक, १४ ऑक्टोबर

ती. आण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

कॉकवालीच घ्या. आई गेल्यापासून तुमची झोप उडालीये, त्यात ही खळखळ कशाला? आणि साळुबाईंना सांगा, मासे बादलीतूनसुद्धा नाशिकला येतात. तिथं एकटे राहून तुम्ही किती खंगलात, ते मला दिसतं. दिवाळीनंतर मी ऐकणार नाही.

लोभ असावा, आणि जेवण खरोखर वेळेवर असावं.
उज्ज्वला

घोडेगाव, २१ ऑक्टोबर

चि. उजास, अ. उ. आ.

कॉक यायचा होता, म्हणून सुनील तात्पुरती उघडी नळी लावून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या आवाजानं जाग आली आणि मी अंथरुणातूनच ओरडलो, की अगं हंडा भरून वाहतोय, नळ बंद कर. तुला माहीतच आहे, तुझी आई नळाखाली हंडा लावून अंगण झाडायला जायची. मी ओरडलो की ओ द्यायची, यायची मात्र सावकाश.

ओ आली नाही. हंडा तर माळ्यावर पालथा आहे. लई एकटं वाटलं गं.

आज सुनील कॉक घेऊन आला. त्याला चहा पाजून परत पाठवला. ओ येणार नाही हे मला कळतं. पण हाक मारेपर्यंत घरात तुझी आई असते. एवढं सोडून मी नाशिकला कसा येऊ?

रागावू नकोस, माया राहू दे.
आण्णा

नाशिक, २५ ऑक्टोबर

ती. आण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसात वाचलं आणि तिथंच रडले. लगेच रजेचा अर्ज दिला. पुढच्या शनिवारच्या एसटीनं येते. नळी उघडीच राहू द्या. फक्त तोंडाला जाळी बसवून घ्या, नाहीतर एखादा मासा खाली जायचा. कुलपाचा विषय मी पुन्हा काढणार नाही.

साळुबाईंकडून माळ्यावरचा हंडा उतरवून घ्या, तुम्ही चढू नका. रविवारी पहाटे तो नळाखाली लावून मी अंगण झाडायला जाईन. भरला की हाक मारा. ओ देईन, येईन मात्र सावकाश.

माया आहे तशीच असू द्यावी.
तुमची उजा