सुनंदा पास झाली

मंगळवार, संध्याकाळ. अमरावती जेल.

आज दर्यापूरहून बाबा मुलाकातीले आले. काचेपलीकडून फोनवर बोला लागते, पण बाबाले ऐकू कमी येते. त्यायनं फोन ठेवला अन् ओरडले, "तुही सुनंदा दहावी पास झाली रे!"

सारे कैदी टाळ्या वाजवाले लागले. शिपाई हासत म्हणे, "काका, तुमाले फोन कायले पायजे?"

बाबा अजून जोरात, "पास झाली म्हणतो!"

सुनंदा माही बायको. घरी असतानी तिच्या पुस्तकाले मीच हासत होतो. कावून? मी त नववी नापास.

आता बायकोले पत्र लिहून राहिलो. 'अभिनंदन' चारदा खोडलं. बराकीतला सलीमभाई म्हणे, "मुबारक लिख दे, आसान है."

नाही. मले अभिनंदनच लिहाचं हाय.