मोडक्या दाताचं कातण

भिवपुरी कॅम्प,
गुरुवार, ता. २७ डिसेंबर १९४५

तीर्थस्वरूप आक्काच्या पायांशी धाकट्या भिवाजीचा नमस्कार पोचावा. दाजींनाही नमस्कार, पण थोडा हात राखून, कारण माझी पत्रं तुला वाचून दाखवताना ते मधली वाक्यं गाळतात अशी तुझी तक्रार माझ्या कानावर आली आहे. त्यांना म्हणावं, असं करू नये. (दाजी, या एका पत्रापुरतं मात्र कराच. कंसात जे जे लिहीन ते मनातल्या मनात वाचायचं, आणि वाचताना मिशीसुद्धा हलू द्यायची नाही. आक्काला अक्षर येत नसलं तरी तुमचं तोंड तिला छापील पुस्तकासारखं वाचता येतं.)

तुझ्या गुडघ्याचं कसं काय? पोशीरची झोडणी उरकली असेल. म्हैस व्याली की अजून दाजींना झुलवतेच आहे? इकडे आम्ही सगळी खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर आज तीन दिवस विमल माझ्याशी आपल्या सखामार्फत बोलते आहे. पोरगं सात वर्षांचं. "आईनं सांगितलंय, जेवायला या" एवढा निरोप आणतं आणि वर "नाय आलात तरी चालंल" हे पदरचं घालतं, की तेही तिचंच असतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

याला कारण नाताळ. आपल्या घरात नाताळ कुठून शिरला म्हणशील, तर भिंतीपलीकडून. आमच्या शेजारी गोव्याचा कायतान फर्नांडिस राहतो हे तुला ठाऊकच आहे. तो पॉवर हाऊसात मशीनवर असतो, मी स्टोअरात. त्याची बायको नातालीन मुंबईच्या इस्पितळात सुईणीचं काम करून आलेली. आपली ठकी पायाळू, तिच्या वेळी कडावच्या दाईनं हात टेकले होते आणि नातालीननं दोघींना अक्षरशः ओढून माघारी आणलं. तू पोचलीस तेव्हा ठकी पाळण्यात होती आणि मी हसत होतो, पण त्याआधीचे दोन दिवस मी आजतागायत विसरलेलो नाही. आता विमलला पुन्हा नववा लागला आहे. म्हणजे या घडीला चाळीत, कॅम्पात, नव्हे अख्ख्या कर्जत तालुक्यात जिच्याशी आपण बिघडवू नये अशी एकच बाई आहे. आमचं नेमकं तिच्याशीच बिघडलं आहे.

त्याचं असं झालं. दिवाळीत विमलनं रेशनची साखर चहातून चोरून साठवली होती. त्या साखरेच्या करंज्या केल्या आणि पितळी ताटात घालून शेजारी धाडल्या. (दाजी, करंज्या आक्काच्या पद्धतीच्या. विमल लग्न होऊन आली तेव्हा आक्कानंच तिला शिकवल्या: पिठाला मोहन दाखवायचं, घालायचं नाही. तुमची दाढ भाऊबीजेला कशानं गेली हे आपण दोघंच जाणतो. तुम्ही पेरूची बी सांगितलीत ते शहाणपणाचंच झालं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी कायतानही गालाला फडकं बांधून कामावर आला होता. त्यानं काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही.) शेजारचं ताट रिकामं परत करायचं नाही ही रीत जशी आपली तशी त्यांचीही. त्यामुळे ताट दोन महिने त्यांच्याकडेच राहिलं आणि सोमवारी संध्याकाळी, नाताळच्या आदल्या दिवशी, वर जाळीचा रुमाल टाकून परत आलं.

रुमालाखाली एक काळी चकचकीत वडी होती, शंखासारखं काहीतरी तळलेलं होतं, आणि बारा करंज्या होत्या. विमलनं एक उचलली, उजेडाकडे धरली आणि कड न्याहाळली. करंजीची कड कापायचं जे फिरकीचं कातण तू तिला लग्नात दिलंस, त्याचा एक दात मोडका आहे. त्यामुळे तिच्या करंजीच्या कडेला दर दोन बोटांवर एक सपाट जागा येते. ह्या करंजीला ती होती. दुसरीला होती. बाराच्या बाराला होती.

विमल खाली बसली. "ही माजी करंजी हाय," ती म्हणाली. "दोन महिनं ठेवली, कुनी तोंड लावलं नाय, नि माज्याच ताटात घालून मला परत धाडली."

मी तिची समजूत घालण्यासाठी एक करंजी तोंडात टाकली. आक्का, ती ओठांवरच विरघळली. त्या क्षणी मला कळलं की विमलचा या करंजीशी काही संबंध नाही. (दाजी, आता माझी अडचण बघा. ही तुझी नव्हे म्हणावं तर कशावरून म्हणता असं ती विचारणार, आणि त्याचं खरं उत्तर दिलं तर मला कॅम्पाच्या धर्मशाळेत मुक्कामाला जावं लागणार. ही तुझीच आहे म्हणावं तर नातालीन जन्माची वैरीण. मी काहीच बोललो नाही. न बोलताना तोंड रिकामं दिसू नये म्हणून आणखी चार खाल्ल्या.) विमलनं मात्र परत आलेल्या वस्तूला शिवायचं नाही असं ठरवलं आणि ताट फडताळात सारलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण अंधार पडताना ती दारात गेली तर शेजारच्या ओटीवर आमचा दिवाळीचा आकाशकंदील लटकलेला. यंदा लढाई संपल्यामुळे दिवे लावायची मोकळीक होती, म्हणून मी हौसेनं केला होता. आता शेजारी त्याच्या शेपट्या कापून, कोपरे काढून त्याची चांदणी केली होती. चौकशीअंती समजलं की सखानं तो शेजारच्या इनासला भोवऱ्याच्या बदल्यात दिला होता. वर, दिवाळी संपली आता आपल्याला काय कामाचा, असा जाबही त्यानंच आम्हाला विचारला.

मंगळवारी सण. पोरांना घेऊन मी त्यांचा गोठा बघायला गेलो. (नाताळात ते घरात मातीचा गोठा मांडतात, त्यात त्यांच्या देवाचं बाळ निजवतात. दाजी, हे मोठ्यानं वाचलंत तरी हरकत नाही.) काम फार सुबक होतं. गाय होती, मेंढरं होती, नवरात्रात आपल्या घटाला उगवतं तसं कोवळं हिरवं धान सभोवती उगवलं होतं. आणि गोठ्याच्या तोंडाशी, ढाल-तलवार घेऊन, आमच्या दिवाळीच्या किल्ल्यावरचे चार मावळे उभे होते. एवढं मोठं बाळ जन्माला आलंय तर पहारा नको का, असं सखाचं म्हणणं होतं आणि इनासला ते पटलं होतं. कायतान मला म्हणाला, असा बंदोबस्त लाटसाहेबाच्या पोरालाही मिळत नाही. मला सगळंच फार आवडलं. ते मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, हीच माझी चूक झाली.

"कंदील आमचा," विमल बोटं मोडत म्हणाली, "मावळे आमचे, धान आमच्या घटावानी, करंज्या तर आमच्याच. मंग त्येंच्या सनात त्येंचं काय हाय? निसती तारीख?"

आणि त्याच बैठकीत तिनं जाहीर केलं की बाळंतपणाला नातालीनला बोलवायचं नाही. कडावच्या दाईला बोलवा, नाहीतर कुणालाच नको, मी माझी समर्थ आहे. नातालीन बिचारी दोनदा दाराशी येऊन पोटाला हात लावून बघू म्हणाली, दोन्ही वेळा विमलला झोप लागलेली होती. (बसल्या जागी.) कायतान मला गेटापाशी विचारतो, भिवाजी, काय चुकलं आमचं? मी त्याला काय सांगू?

आक्का, इतका वेळ मी चेष्टा करतो आहे, पण मला भीती वाटते आहे. ठकीच्या वेळचं सारखं आठवतं. विमललाही आठवत असणार, पण ती बोलायची नाही. तुझा शब्द ती मोडत नाही, तर गुडघ्याला तेल चोळ आणि तेवढी ये. तुझ्या पाठीशी उभं राहून मी धीट होईन. मोठ्यांस नमस्कार, लहानांस जे मागतील ते द्यावं.

तुझा,
भिवाजी

ता. क. (शुक्रवार) — काल टपाल चुकलं म्हणून हे पत्र घरीच राहिलं, आणि राहिलं ते बरंच झालं. आज सकाळी विमलनं मला पुरावा दाखवायचा म्हणून कातण शोधायला घेतलं. करंजीच्या कडेवर कातण ठेवून मोडक्या दाताशी खूण जुळवून दाखवणार होती. कातण डब्यात नाही, फळीवर नाही, कुठेच नाही. पायाळू माणसाला जमिनीत पुरलेलं धन दिसतं म्हणतात. आपल्या ठकीला आजवर फडताळातल्या गुळाखेरीज काही दिसलेलं नव्हतं, पण आज ती अंगठा चोखता चोखता म्हणाली, "त्ये फिलूच्या आईकडं हाय. तिनं मागितलं, मीच दिलं."

फिलू म्हणजे नातालीनची मुलगी. केव्हा दिलंस, तर सणाच्या आधी. कशाला, तर करंज्या करायला.

विमलनं रिकामा डबा फळीवर ठेवला. मग फडताळ उघडून तिनं ताटातली शेवटची करंजी काढली (शेवटची कशी, ते विचारू नका) आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिचा तुकडा मोडला. खाल्ला. चावायची गरज पडली नाही हे तिच्याही ध्यानात आलं असावं. मग सखाला बाजूला सारून ती थेट मला म्हणाली, "तुमाला पयल्याच घासाला कळलं व्हतं ना?"

(दाजी, हो म्हणावं तर का, नाही म्हणावं तर कसं? मी भोंगा झाला म्हणालो आणि कामावर निघून गेलो. माझी पाळी दुपारची होती, त्यामुळे चार तास नदीकाठी बसून काढले. थंडी बरीच आहे.)

ता. क. दुसरा (रविवार) — आक्का, सावकाश ऐक. दाजी, सावकाश वाचा.

काल सकाळी विमल कातण आणायला शेजारी गेली. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून कडावचा गूळ नेला. मी भिंतीला कान लावून होतो. विमलचा आवाज आला. मला वाटलं रडते आहे. धावत गेलो तर बाई दाराची चौकट धरून हसते आहे. इतकी हसताना मी तिला लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

नातालीनच्या धाकट्या जुझेला दात येताहेत. त्याच्या गळ्यात दोरी होती आणि दोरीला करंजी. विमलची, दिवाळीची, कडेला सपाट खूण असलेली, साबूत. नातालीन अगदी मनापासून आभार मानत होती. म्हणाली, "बाय, तुझ्या करंजीनं माझ्या पोराचं रडणं थांबलं. दोन महिने चावतोय, तुकडा पडत नाही. मला अशी जमली नाही गं. तुझं कातण आणून केल्या, तरी माझ्या मऊच पडल्या. तू रागावलीस ती त्यासाठीच ना?"

यावर विमल जी हसायला लागली, ती हसता हसता एकदम थांबली आणि तिनं पोटाला हात लावला. मी घाबरून कोणाला बोलवायचं असं विचारलं, तेव्हा दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गरम पाणी ठेवायला गेलो. बारा वाजायच्या आत मुलगी झाली. डोक्याकडून, सरळ, शहाण्यासारखी. विमल सुखरूप आहे. नातालीननं पोर माझ्या हातात दिलं तेव्हा मी रडलो, आक्का. कायतानही रडला, पण तो म्हणतो त्याला धूर लागला.

संध्याकाळी बाहेर आलो तर आमच्या उंबऱ्याशी चारही मावळे ओळीनं उभे. तिकडचं बाळ आता चार दिवसांचं झालं, इकडे नवीन आलंय, म्हणून सखानं आणि इनासनं पहारा बदलला होता.

ता. क. तिसरा — मूळ काम राहिलंच. वाडीवरचा नवशा उद्या पोशीरवरून नेरळच्या बाजाराला जाणार आहे, त्याच्या हाती हे देतो आहे. बुधवारी पाचवी आहे, तेवढ्याला ये. आणि येताना वीस करंज्या आण. तुझ्या हातच्या, नेहमीसारख्याच, मोहन अजिबात वाढवू नकोस. सणाला खायच्या करंज्या विमल आता नातालीनकडून शिकणार आहे, पण ती म्हणते, पोरांच्या दातांना वन्संचीच करंजी पाहिजे. दहा जुझेला, दहा आमच्या नव्या बाईंना. तिला दात यायला सहा महिने आहेत, पण तुझ्या करंजीला त्याचं काय?

(दाजी, आता कंसांसकट सगळं पत्र पहिल्यापासून मोठ्यानं वाचलंत तरी चालेल. तुमच्या दाढेचं तेवढं मात्र पेरूवरच राहू द्या.)